बांगड्याच्या सहलीला निघताना



पावसाळा सरला,
की कोकण किनाऱ्याजवळ बांगड्यांचे थवे येतात.
ते मिळतात खुल्या समुद्रात,
आपल्या सीवूड्सच्या खाडीत नव्हे.
सीवूड्सहून उरणची लोकल मिळते.
तिथून करंजा बंदर जवळ आहे.

सहलीसाठी एवढंच पाठ करा…
जॅकेट अंगावर, बर्फ पेटीत.

होडी ठरवताना तांडेलांना दोन प्रश्न विचारा.
प्रवासी नेण्याचा परवाना आहे ना?
प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे ना?

आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज ऐका.
पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो.
तो गार असतो.
स्वेटर घ्या, कानटोपी घ्या.
बोट लागत असेल,
तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या.

आता बर्फाचं.
बांगडा उन्हात राहिला,
तर त्यात हिस्टामिन तयार होतं.
ते शिजवूनही जात नाही.
खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं.
म्हणून मासा गळाला लागला,
की लगेच बर्फात.

समुद्रात संकट आलं,
तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.
पुन्हा सांगते…
एक, पाच, पाच, चार.

आणि निघताना विसरू नका…
जॅकेट अंगावर,
बर्फ पेटीत!