उपग्रहाद्वारे पीकरोगाची पाहणी



सोयाबीनवरील पिवळा मोझॅक पसरविणारी पांढरी माशी शेताचा बांध ओळखत नाही. शेतोशेत फिरून संपूर्ण तालुक्याची पाहणी होईपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. या कामी उपग्रहाचा उपयोग किती व कसा करावा, ते आज पाहू.

आपल्या देशात दूरसंवेदनाची सुरुवात पीकरोगापासूनच झाली. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील रोगट नारळबागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेतली. पुढे १९८८ साली आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह सोडण्यात आला.

निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठविते. पीक रोगट झाले की हा फरक कमी होतो. उपग्रह नेमका तोच टिपतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे साधारण एक गुंठा जमिनीचा असतो. त्यामुळे दोन-चार रोगट झाडे दिसत नाहीत, मोठा पट्टा पिवळा पडला की दिसतो. खरिपात ढगांमुळेही अडचण येते. रडार उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकतात, परंतु पानाचा रंग त्यांना कळत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की, पीक कोठे बिघडले हे नकाशा सांगतो, का बिघडले हे सांगत नाही. म्हणून नकाशातील पिवळ्या पट्ट्यात स्वतः जाऊन पाने पाहावीत. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असल्यास बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीयुक्त जमिनीत ती विशेष आढळते. पाणी साचले असल्यास चर काढून निचरा करावा. पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असल्यास मोझॅकची शक्यता धरावी, रोगट झाडे उपटून नष्ट करावीत व पिवळे चिकट सापळे लावावेत. हा रोग विषाणूजन्य असल्याने बुरशीनाशक फवारून काहीच साधत नाही. खर्च वाया जातो आणि तेवढ्या दिवसांत माशी शेजारच्या शेतात पोहोचते.

तेव्हा केवळ नकाशा पाहून फवारणी करू नये. खात्री नसल्यास रोगट झाड घेऊन कृषी सहाय्यकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे आणि शेजाऱ्यांनाही वेळीच सावध करावे.