मंत्रांवरील मनाई हुकूम
(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)

श्रोतेहो, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ ज्यांच्या घरी सुटीच्या दिवशी नेमाने मांडला जातो त्यांच्यासाठीच आजचे भाषण आहे, त्यामुळे फासे, स्लॉट आणि डंजन मास्टर यांची ओळख करून देण्यात मी वेळ घालवीत नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, कोणता मंत्र टाकला जात आहे हे सांगण्यापूर्वी मंत्र टाकला जात आहे एवढेच जाहीर करावे, क्षणभर थांबावे, कोणी आड येतो काय ते विचारावे, आणि मगच मंत्राचे नाव उच्चारावे. ही शिस्त न पाळल्यामुळे चांगल्या स्नेह्यांत तासतासभर वाद होतात, म्हणून तिच्याविषयी मी आग्रही आहे.

एका मंत्राने दुसरा मंत्र निष्फळ करण्याचे तीन प्रकार आपल्या खेळात आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. बांधाच्या भांडणावरून दोन भाऊ मामलेदार कचेरीत गेले आहेत, अशी कल्पना करा. हुकुमावर शिक्कामोर्तब होण्याच्या आतच कोणी हरकत घेऊन कागद अडविला, तर तो काउंटरस्पेल. वादग्रस्त शेतावर पहारा बसविण्याचा हुकूम निघाला, पहारा बसला, आणि मग तो हुकूम रद्द करविला, तर ते डिस्पेल मॅजिक. हुकूम कायम, परंतु विशिष्ट हद्दीपुरता तहकूब, तर ते आठव्या पातळीचे अँटीमॅजिक फील्ड; त्याच्या दहा फुटांच्या परिघात मंत्र दबून राहतो, नष्ट होत नाही, मात्र तहकुबीच्या काळातही त्याची मुदत सरतच असते. आणि बांध फोडण्याचा हुकूम बजावला जाऊन बांध फुटला असेल, तर तो हुकूम मागाहून रद्द करविल्याने बांध पुन्हा उभा राहत नाही. फायरबॉलने भाजलेला योद्धा डिस्पेल मॅजिकने बरा होत नाही, किंवा अ‍ॅनिमेट डेडने उठविलेला सांगाडा त्याने कोसळत नाही, तो याच न्यायाने. फ्लाय मंत्राने उडणारा मनुष्य मात्र खाली येतो, कारण त्याच्या मंत्राचा अंमल अद्याप चालू असतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. 2014 च्या नियमांप्रमाणे काउंटरस्पेल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र; साठ फुटांच्या आत कोणी मंत्र टाकताना दिसला, तर आपली रिअ‍ॅक्शन खर्चून तो टाकावयाचा. समोरचा मंत्र आपण खर्चिलेल्या स्लॉटच्या पातळीचा किंवा खालचा असेल तर तो आपोआप फसतो. वरचा असेल तर दहा अधिक त्या मंत्राची पातळी एवढा आकडा फाशावर, आपली मंत्रशक्ती जमेस धरून, गाठावा लागतो. म्हणजे हरकतीच्या अर्जावर किती रकमेचा स्टँप लावावयाचा हे कागद न वाचताच ठरवावयाचे असते, आणि या अज्ञानातच काउंटरस्पेलची सारी लज्जत साठविलेली आहे. कारकुनाने हुकूम आधी मोठ्याने वाचून दाखविला आणि मग हरकती मागविल्या, तर क्षुल्लक कागदासाठी कोण खर्च करील, आणि भारी कागदासाठी कोण मागे राहील? 2017 च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या ग्रंथाने मंत्र ओळखण्यासाठीही रिअ‍ॅक्शनच खर्च करावयास सांगितली. म्हणजे जो ओळखील त्याला अडविता येणार नाही, आणि जो अडवील त्याला ओळखता येणार नाही. नियमकर्त्यांचा हेतू याहून स्पष्ट तो कसा व्हावा?

येथे डंजन मास्टरांना थोडे रागावणे मला भाग आहे. आपला राक्षस मंत्र टाकतो तेव्हा आपण ‘तो काहीतरी पुटपुटतो आहे’ एवढेच म्हणता, आणि ते योग्यच आहे; परंतु खेळाडूने भाबडेपणाने ‘मी तिसऱ्या पातळीचा फायरबॉल टाकतो’ असे म्हटले की ते ऐकून आपल्या राक्षसाला काउंटरस्पेल आठवावा, हा न्याय नव्हे. जो नियम प्रजेला तोच सरकाराला असला पाहिजे. खेळाडूनेही ‘मी मंत्र टाकतो’ एवढे म्हणून थांबावे, आपणही थांबावे, राक्षसाचा निर्णय आधी सांगून टाकावा, आणि नाव मागाहून ऐकावे. मी पुन्हा सांगतो, कारण ऐकता ऐकता हे निसटून जाते: आधी क्रिया, मग विराम, मग हरकत, आणि शेवटी नाव.

2024 च्या नव्या नियमावलीने हा वाद पुष्कळ सौम्य केला आहे. आता ज्याचा मंत्र अडविला जातो त्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो, आणि तो फसला तरी त्याचा स्लॉट खर्ची पडत नाही. अडविलेल्या कागदाचा स्टँप जणू अर्जदाराला परत मिळतो. तरी त्याची कृती फुकट जातेच, आणि अडविणाऱ्याने स्वतःचा स्लॉट कशावर उधळला हे नंतरच कळते. म्हणून विरामाची गरज संपलेली नाही.

1978 च्या प्लेयर्स हँडबुकात डिस्पेल मॅजिकची सिद्धी पन्नास टक्क्यांपासून मोजून दोन मांत्रिकांच्या दर्जातील अंतराप्रमाणे कमीजास्त करीत; 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत समोरचा मंत्र ओळखून साधारणपणे नेमका तोच मंत्र उलट टाकावा लागे, आणि त्यासाठी आपली कृती आधीच राखून ठेवावी लागे; या दोन पद्धतींची तुलना केली असता असे दिसते की… परंतु वेळ संपत आल्याची खूण होत आहे, तेव्हा तो विषय येथेच सोडतो.

एकच गोष्ट राहिली. सॉर्सररने एक सॉर्सरी पॉइंट खर्चून सटल स्पेलचा आश्रय घेतला, तर उच्चार नाही, हस्तमुद्रा नाही. मंत्राला साहित्यही लागत नसेल, तर तो टाकला जात आहे हे दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते अडविताही येत नाही. तेथे डंजन मास्टरने हट्ट धरू नये. ती गुप्तता त्या खेळाडूने मोल देऊन घेतलेली आहे.