सूज उतरल्यानंतर



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या शास्त्राचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो मोडून मी आज दोनच स्नायूंबद्दल बोलणार आहे. नडगीच्या बाहेरच्या अंगाने उतरणारे, पाऊल आत मुरगळताना त्याला सावरणारे पेरोनियस लाँगस आणि पेरोनियस ब्रेव्हिस.

आपल्या मराठवाड्यात पाय मुरगळणे ही दुखापत मानलीच जात नाही. कबड्डी, खो-खो, किंवा पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी झुंजूमुंजू होताच डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं. घोटा लचकला की हळदीचा गरम लेप, कुणाकडून तरी चोळून घ्यायचं, चार दिवस लंगडायचं आणि सूज उतरली की पुन्हा मैदान. महिना-दोन महिन्यांत तोच घोटा पुन्हा जातो. मग आई म्हणते, ‘पायाला मुरगळायची सवयच लागली.’ त्या माउलीचं निदान आपल्या शास्त्राच्या फार जवळचं आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका खरोखरच मोठा असतो.

पाऊल आत वळलं की बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो. त्यात नुसते धागे नसतात, पावलाची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकंही असतात. ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 1965 साली हे मांडलं आणि रुग्णांना डुगडुगत्या फळीवर उभं केलं. पुढे स्नायूंतले विद्युत संकेत मोजता येऊ लागले. पायाखालची फळी अचानक कलली, तर पेरोनियस साधारण साठ-सत्तर मिलिसेकंदांत जागा होतो. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यात तो उशिरा जागा होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं. काहींत दिसलं नाही.

इथे जरा थांबतो, कारण आपली समजूत इथेच चुकते. स्नायू जागा झाला तरी जोर धरायला त्याला आणखी वेळ लागतो, तोवर पाऊल वळून गेलेलं असतं. म्हणजे वेगवान प्रतिक्षेप एकटा घोट्याला वाचवू शकत नाही. पाऊल जमिनीला टेकण्याआधीच स्नायू सावध असायला हवा. ही सावधगिरी दुखापतीनंतर हरवते, आणि ती लेपाने येत नाही, निव्वळ विश्रांतीनेही येत नाही. ती शिकवावी लागते.

आपल्याच मराठवाड्याचा, बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे डोळ्यांसमोर आणा. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे 28 अडथळे आणि 7 पाणउड्या, आणि बहुतेक प्रत्येक वेळी उतरायचं एका पायावर. घोट्याच्या दुखापतीने 2018 च्या आशियाई स्पर्धेची त्याची संधी हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेतलं. मात्र त्याच्यामागे उभी असलेली प्रशिक्षण व्यवस्था मुखेडच्या किंवा निलंग्याच्या पोराला मिळत नाही.

तरीही मी निराश नाही. नेदरलँड्समध्ये 522 खेळाडूंवर केलेला, 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यासाठीच केल्यासारखा वाटतो. नेहमीच्या उपचारांनंतर निम्म्या खेळाडूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, तेही घरीच, कुणाच्या देखरेखीशिवाय. वर्षभरात त्यांच्यातल्या 22 टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. इतरांत हे प्रमाण 33 टक्के होतं.

एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग चेंडू झेलत, शेवटी उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अंगण पुरतं.

म्हणून माझी एकच मागणी आहे. पुढच्या अधिवेशनाला येण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या तालुक्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकाला आणि एका भरती अकादमीच्या प्रशिक्षकाला हे आठ आठवडे शिकवावेत, आणि किती मुलांनी ते पुरे केले याची वही सोबत आणावी.