जुना टेम्पो झटके का मारतो?



आज आपण जुन्या डिझेल गाडीविषयी बोलू. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अल्याड-पल्याड कांदा होतो, ऊस होतो, दूधही होते. शिरूरचा माल शिक्रापूरवरून आणि दौंडचा माल यवतवरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे जातो. पुष्कळ घरांत या कामाला एखादा जुना टेम्पो असतो. तो वाटेत झटके मारू लागला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. बाजार चुकला, की भाव गेला. उशीर झाला, की दूध नासले.

मग काय होते? एक जण म्हणतो, "नोझल गेलं." नोझल बदलतात. झटके आहेतच! दुसरा म्हणतो, "पंप उतरवा." पंप दुरुस्त होतो. चार दिवस गाडी बरी चालते. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिसरा म्हणतो, "आता इंजिनच खोला." पैसे गेले, पण दोष जागेवरच राहिला. याला म्हणतात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हणून औषधाआधी रोग ओळखू या.

डिझेल हे नाव एका माणसाचे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असे इंजिन नीट चालवून दाखवले. त्यात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. दाबली, की ती फार तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते. फवारा पेटतो आणि पिस्टन ढकलला जातो.

म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी लागतात. स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरा दाब. यांपैकी एक कमी पडली, की इंजिन अडखळते.

आता गाडीला प्रश्न विचारा. झटके कधी येतात? सकाळी थंड असताना, की अर्ध्या तासाने? रिकामी असताना, की भरून चढावर? ठेक्यात येतात, की कसेही? ठेक्यात येत असतील, तर बहुधा एक सिलिंडर काम करत नाही. कसेही येत असतील, तर आधी डिझेलच्या वाटेवर संशय घ्या.

धूरही बोलतो, बरं का. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आपल्याकडे धुरळा फार, तेव्हा आधी हवेचा फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे. गरम इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा आत पाणी जाते आहे.

नंतर बिनपैशाची कामे करा. टाकीच्या झाकणाला हवा घेण्याचे बारीक भोक असते. ते बुजले, की डिझेल ओढले जात नाही. गाडी थोडा वेळ नीट चालते, मग अडखळते. झाकण सैल केल्यावर सुधारली, तर दोष सापडला! डिझेलच्या फिल्टरखालचे पाणी आणि गाळ काढा. टाकी अर्धी असली, तर रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटते. म्हणून ती संध्याकाळी भरून ठेवावी.

एवढे करूनही झटके जात नाहीत? मग आता लपलेला चोर पाहू.

विहिरीवरच्या पंपाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. पंपाच्या पुढची नळी फुटली, तर पाणी उडते. ते लगेच दिसते. पण विहिरीतून पाणी ओढणाऱ्या नळीला चीर पडली, तर काय होते? पाणी गळत नाही. पंप चिरेतून हवा ओढतो आणि पाणी तुटते.

टेम्पोचेही तसेच आहे. टाकी खाली असते. फीड पंप डिझेल वर ओढतो. ओढीची रबरी नळी जुनी झाली, तिला चीर पडली, की डिझेलबरोबर हवा आत जाते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. म्हणून नोझल बदलले, पंप बदलला, तरी झटके राहतात!

हे कसे ओळखावे? गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना दगड लावा. विडी-काडी दूर ठेवा. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडा. तिच्या जागी नवी नळी लावा आणि तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंप हाताने दाबा. बुडबुडे थांबले, की स्क्रू आवळा. आता एरवी जितक्या वेळाने झटके येतात, तितका वेळ इंजिन चालवा. नीट चालले, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्येच आहे. थोड्या पैशांची नळी बदलून काम भागेल.

तरीही झटके आले, तर दोष पुढे आहे. मग एकेका नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर बंद आहे, हे जाणता मेकॅनिक सांगेल. ते काम त्यालाच करू द्या. नोझलचा फवारा कातडीत घुसतो. मोठी इजा होते. नव्या, कॉम्प्युटरच्या गाडीत तर दाब याहून कितीतरी जास्त असतो. तिची नळी कोणीही सैल करू नये.

शेवटची गोष्ट वहीची. तुम्ही आता लिहू लागला आहात. गाडीत एक वही ठेवा. तारीख, झटके कधी आले, धूर कसा होता, काय बदलले, हे लिहा. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन वस्तू एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. मेकॅनिककडे जाल, तेव्हा ही वही पुढे ठेवा. "चांगला पंप कशाला उतरवता?" असे विचारायला तुमच्याजवळ आधार असेल.

घरी गेल्यावर आधी ती रबरी नळी हाताने चाचपून पाहा. मात्र इंजिन बंद करून, बरं का!