लातूरला जाताना दम तोडणारी गाडी



माझ्याआधी आपल्या तुकडीतले दोन डॉक्टर बोलले. आता गॅरेजवाल्याची पाळी आहे. संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या धंद्यातलंच काहीतरी सांग, पण सगळ्यांना कळेल असं.’ म्हणून एका पेशंटचीच गोष्ट सांगतो. पेशंट म्हणजे डिझेल गाडी. मालक आपल्याच वर्गातला आहे आणि या हॉलमध्ये बसलेला आहे. नाव सांगणार नाही, पण जो आत्ता खाली मान घालून हसतोय तो तोच.

त्याची मुलगी बारावीला लातुरात आहे. लातूर पॅटर्न आपल्या भागातल्या किती घरांत शिरलाय ते तुम्हाला ठाऊकच आहे. दर रविवारी नवरा-बायको नांदेडहून डबा, धुतलेले कपडे आणि सूचनांचं गाठोडं घेऊन निघतात. या फेऱ्या सोप्या व्हाव्यात म्हणून गड्यानं एका मोठ्या शहरातल्या दुकानातून गाडीचं ट्यूनिंग करून घेतलं. म्हणजे इंजिन खोललं नाही, नुसता लॅपटॉप जोडला. इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, ईसीयूला, डिझेल किती सोडायचं आणि टर्बोनं हवा किती दाबायची याचे नवे आकडे दिले. दोन महिने गाडी पाखरासारखी पळाली. मग चढावर दम तोडायला आणि मागं काळा धूर सोडायला लागली.

माझ्याकडं येण्याआधी दोन ठिकाणी फिरून झालं होतं. एकानं डिझेल फिल्टर आणि एक सेन्सर बदलला. दुसऱ्यानं टर्बो आणि इंजेक्टर गेले म्हणून सत्तर हजारांचा अंदाज लिहून दिला. तो कागद घेऊनच हा आला. मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात भरायची होती.

मी आधी पाना उचलत नाही, प्रश्न विचारतो. कधी होतं? ‘लातूरला जाताना.’ येताना? ‘येताना काहीच नाही.’ अर्धं निदान इथंच झालं. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, गोदावरीकाठी. लातूर ६३० मीटरच्या आसपास, बालाघाटाच्या पठारावर. लोहा सोडून अहमदपूरकडं निघालं की रस्ता चढत जातो आणि टर्बोला दम धरून काम करावं लागतं. परतीला तोच रस्ता बहुतेक उताराचा. भूगोलाच्या तासाला मी मागच्या बाकावर झोपायचो, पण एवढं बरोबर लक्षात आहे, सर.

दुसरा प्रश्न : दम जातो तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो? काटा चढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. ट्यूनिंगनं ताकद वाढली की जुना क्लच आधी हात वर करतो. याचा काटाही खाली येत होता. म्हणजे इंजिनालाच काहीतरी कमी पडत होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणीला भोक पडलं, तर दुसरं काय होणार?

स्कॅनर लावला. एकही दोष नाही! गाडी डोळ्यांदेखत धूर ओकतेय आणि कॉम्प्युटर म्हणतोय सगळं ठीक. इथं मला संशय आला. मी टर्बोच्या दाबाच्या सेन्सरचं सॉकेट मुद्दाम काढलं आणि गाडी चालू केली. एवढं झाल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागायलाच हवा. लागला नाही. ट्यूनिंग करताना कुणीतरी ईसीयूला तक्रार न करण्याची तंबी देऊन ठेवली होती. दिवा लागला की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून काही लोक हे करतात. ताप उतरत नाही तर थर्मामीटर फोडा, तशातला प्रकार. माझ्या मते अख्ख्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट खोड आहे.

आपले विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच केलं. त्या दुकानाला तीन-चार फोन करून गाडीची मूळ फाइल मागवली आणि ती परत चढवली. बाकी कशाला हात लावला नाही. मग त्याला शेजारी बसवून लोह्याच्या पुढं चढावर नेलं. दिवा लागला आणि पी ०२९९ हा कोड आला. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब मागितला तेवढा मिळत नाही. इतका आनंद मला बोर्डाच्या निकालाचाही झाला नव्हता.

दाब एक तर तयार होत नसेल, नाही तर वाटेत गळत असेल. गळती तपासायचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून ती आधी. हवेच्या वाटेला बूच लावलं, कॉम्प्रेसरनं बेताची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. टर्बोकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप खालच्या अंगाला चिरला होता. वरून दिसत नव्हतं, बोट फिरवलं की तेलकट लागायचं. गावात हळू चालवताना चीर मिटलेली, चढावर दाब वाढला की उघडणारी. पाइप जुना होताच. वाढवलेल्या दाबानं त्याचा निकाल लावला. नवा पाइप आणि दोन क्लॅम्प, सगळं दोन हजारांच्या आत. टर्बो ठणठणीत होता. तो सत्तर हजारांचा कागद मी ठेवून घेतलाय.

आता त्याचा पुढचा प्रश्न, जो तो आज जेवतानाही विचारणार आहे : ‘पाइप नवा झाला, मग ट्यूनिंग परत टाकू का?’ त्याचं इंजिन फियाटचं १.३ मल्टीजेट, १२४८ सीसीचं, रांजणगावला बनलेलं. ते ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळायचं. दुकानदार म्हणतो, इंजिन एकच, कंपनीनं कुलूप लावलंय, मी उघडतो. पण ९० वाल्याचा टर्बोच वेगळा असतो, पाती फिरवून हवेचा झोत बदलणारा. लॅपटॉपनं टर्बो बदलत नाही. शिवाय आपला उन्हाळा बघा. २० अंशांपेक्षा ४२ अंशांना हवा सुमारे ७ टक्के विरळ होते. थंड सकाळी बसवलेले आकडे मे महिन्यात चढावर जास्तच धूर काढणार. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळत राहिल्या पाहिजेत. अपघातानंतर विमा कंपनी हे सगळं उकरून काढू शकते.

तरी ज्यांना हौस आहे त्यांना मी अडवत नाही. क्लच, पाइप, इंजेक्टर आधी तपासून घ्या. दोषांचे दिवे बंद करू नका असं दुकानदाराला निक्षून सांगा. आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घरी ठेवा, कारण दुकानं उठतात, फोन नंबर बदलतात. आपल्या मित्राला मात्र मी बारावीची परीक्षा होईपर्यंत थांब म्हटलंय. वहिनींनी तिथंच त्याच्या हातून किल्ली काढून घेतली.

मागून जेवण तयार असल्याची खूण होतेय. ज्यांच्या गाडीचा काही प्रश्न असेल त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसावं. बॉनेट मात्र आज उघडणार नाही, पांढरा शर्ट घालून आलोय.