तेंदूचा हंगाम, गावाचा गल्ला

आजचा विषय विकासाचा आहे. पण घाबरू नका, स्लाइड नाहीत आणि योजनांची यादीही नाही. आज आपण बोलणार आहोत एका पानाबद्दल आणि त्या पानाचे पैसे कुठे जातात याबद्दल.

पान तेंदूचं. विडी ज्यात वळतात ते. आणि जागा गडचिरोली. ज्यांनी हा जिल्हा फक्त बातम्यांत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा, बारा तालुके, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे पुण्याच्या दोन-तीन उपनगरांत मावतील एवढी माणसं, आणि जागा मात्र चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल. मोठी बाजारपेठ लांब, सिंचन कमी, धानाचं एकच पीक. अशा ठिकाणी ‘स्थानिक अर्थव्यवस्था उभी करा’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, इथं विकायला काय आहे? उत्तर समोरच उभं आहे. बांबू, तेंदू, मोह, हिरडा, चारोळी. प्रश्न माल कोणता हा कधीच नव्हता. माल विकतं कोण, हा होता.

तेंदूचं गणित समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते, म्हणजे नवी मऊ पालवी फुटते. मे महिन्यात तोडणी. हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा, वळवाचा पाऊस आला की त्याहून कमी. पहाटे घरचे सगळे जंगलात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. एका गोणीत सत्तर हजार पानं! एखादं घर रोज दोनशे पुडे बांधत असेल तर बारा दिवसांत त्याच्या साधारण अडीच गोण्या होतात. ऐंशी घरांचं गाव धरा, झाल्या दोनशे गोण्या.

आता बघा. गोणीमागे भाव हजार रुपयांनी वर-खाली झाला तर त्या एका गावासाठी दोन लाखांचा फरक पडतो. दोन आठवड्यांच्या कामात. हा आकडा मी समजावण्यासाठी घेतलाय, पण हिशोबाची जात हीच आहे. आणि हे पैसे येतात कधी? बियाणं-खतं घ्यायच्या तोंडावर, शाळा उघडायच्या आधी. वर्षभरात रोख रक्कम हातात पडण्याची अनेक घरांची ही सगळ्यात मोठी वेळ.

पूर्वी काय व्हायचं? वनविभाग युनिट पाडायचा, लिलाव करायचा, ठेकेदार यायचा. गावाला मिळायची तोडणीची मजुरी, नंतरच्या काळात थोडा बोनस. मोजणारा माणूस ठेकेदाराचा. पुडा बारीक आहे, पान फाटलंय, असं म्हणून तो शेकड्याला चार-पाच पुडे बाजूला टाकायचा आणि त्यावर वाद घालायला कुणाकडे वेळ नसायचा. जंगलाच्या मालाची किंमत वर ठरायची, गावात फक्त घाम मोजला जायचा.

हे बदललं ते कायद्यामुळे, पण फक्त कायद्यामुळे नाही. कायदे दोन. एक 1996 चा पेसा, ज्याचे महाराष्ट्रातले नियम यायला 2014 उजाडलं. दुसरा 2006 चा वनहक्क कायदा. त्यात बांबू आणि तेंदू हे गौण वनोपज आहेत असं स्पष्ट लिहिलंय आणि त्याची मालकी, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पिढ्यानपिढ्या तिथं राहणाऱ्यांना दिलाय. गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचे चौदाशेच्या आसपास दावे मान्य झालेत. देशात एखाद्या जिल्ह्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे होणं ही साधी गोष्ट नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. शंभरेक घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. आपण ती घोषणा टी-शर्टवर छापण्याइतकी आवडीने घेतो, पण त्या गावाने केलेलं कंटाळवाणं काम कुणी सांगत नाही. तिथं वर्षानुवर्षं अभ्यास गट बसत. एखादा विषय घ्यायचा, कागद वाचायचे, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. ऐकायला हे फार संथ वाटतं. आहेच संथ. पण 2009 मध्ये हक्काचं पत्र हातात आल्यावरही वनविभाग बांबू बाहेर न्यायचा परवाना देईना, तेव्हा हेच संथ गाव दोन वर्षं हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथं येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढे 2012 च्या नियमांत तो अधिकार ग्रामसभेच्या समितीला आहे हे लेखी आलं.

एक पुस्तक. पावती बुकासारखं. त्याला एवढं महत्त्व का? कारण परवान्याशिवाय ट्रक नाक्यावर अडतो. ज्याच्या हातात परवाना, त्याच्या हातात ट्रकची चावी आहे असं समजा. पैसे खात्यात जमा झाले की सही, तोवर माल गोदामात. मला विचाराल तर वनहक्काच्या सगळ्या लढाईतलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, आणि सगळ्यात जास्त वाया घालवलं जातं तेही हेच. ठेकेदार हात जोडून म्हणतो, ‘दादा, गाडी उभी आहे, पाऊस येतोय, पुढच्या आठवड्यात भरतो ना पैसे.’ सही होते. पुढचा आठवडा दिवाळीपर्यंत लांबतो.

आणि इथं 2017-18 ची गोष्ट सांगायलाच हवी. 2017 च्या हंगामात तेंदूला जोरदार भाव मिळाला. स्वतः लिलाव करणाऱ्या ग्रामसभांच्या खात्यात कधी नव्हे एवढी रक्कम आली. घरांवर पत्रे चढले, मोटरसायकली आल्या. त्याच जुलैत जीएसटी आला आणि तेंदूच्या पानावर 18 टक्के कर लागला. 2018 मध्ये भाव गडगडला. काही ठिकाणी ठेकेदार फिरकलेच नाहीत, काही ठिकाणी आले, माल नेला आणि रॉयल्टी थकवली. तेव्हा बरेच जण म्हणाले, बघा, ग्रामसभांना जमत नाही, वनविभागच बरा होता.

मला हे पटत नाही. बाजार पडला तो सगळ्यांसाठी पडला. भाव पडणं हे ग्रामसभेचं अपयश नव्हतं. पण चढत्या वर्षाचे सगळे पैसे वाटून टाकणं, आगाऊ रकमेशिवाय करार करणं, आणि करार काय आहे हे गावात दोनच माणसांना माहीत असणं, ह्या गोष्टी आपल्या हातात होत्या. शेजारच्या तालुक्यात ठेकेदारांनी आपसात ठरवून बोली लावली तर एकटं गाव काय करणार, हाही खरा प्रश्न. त्याचं उत्तर एकट्या गावाकडे नाहीच.

म्हणून कोरचीकडे बघा. जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, छत्तीसगढच्या सीमेला लागून. तिथं नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बांधली. गंमत म्हणजे हे काही सरकारी महामंडळ नाही, कंपनी नाही. प्रत्येक ग्रामसभा आपले प्रतिनिधी पाठवते, दोन बाया, दोन पुरुष. लिलावाची जाहिरात एकत्र, ठेकेदारांशी बोलणी एकत्र, एका गावाचे पैसे थकले तर पाठपुरावाही एकत्र. बायका आधीपासून बचत गटांच्या संघात संघटित होत्या, ते फार उपयोगी पडलं. साहजिक आहे. पान तोडणं, पुडे बांधणं हे काम मुख्यतः बायांचं, तर पैसा कुठं गेला हे विचारायची घाई त्यांनाच जास्त असणार.

आणि सगळ्यांनी तेंदूच विकला पाहिजे असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने उलटा निर्णय घेतला. तेंदूसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, फळं धरत नाहीत, पाखरांना काही उरत नाही, म्हणून त्यांनी तेंदू तोडणं बंद केलं आणि बांबूवर भर दिला. रोख पैसा सोडायचा निर्णय गावाने स्वतः घेतला! मला हा निर्णय भावाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो. काय विकायचं नाही हे तोच ठरवू शकतो, जो मालक असतो.

आता तुमच्याबद्दल. ऐकणाऱ्यांत बरेच जण बारावी झालेले, कॉलेजला असलेले, भरतीची तयारी करणारे असणार. सुरजागडच्या खाणीत, कारखान्यात नोकरी मिळेल का, हा प्रश्न तुमच्या घरी रोज निघत असणार. नोकरी मिळाली तर घ्या, मी कोण नको म्हणणारा. पण गावातल्या ग्रामसभेला आज नक्की कशाची गरज आहे ते सांगतो. पॅन कार्ड आहे, बँक खातं आहे, पासबुक आहे. ते वाचणारा माणूस नाही. कॅशबुक लिहिणारा नाही. हंगामात पंधरा दिवस फळीवर रोजच्या पुड्यांची नोंद घराप्रमाणे लिहिणारी पोरगी पाहिजे, आणि संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारा पोरगा पाहिजे. एवढं झालं तरी शेवटी बेरीज करताना निम्मी भांडणं होत नाहीत. नेटवर्क नसेल तर फोटो फोनमध्ये राहू द्या, टेकडीवर गेलात की जाईल.

या कामाचा मोबदला ग्रामसभेने द्यावा, फुकटची सेवा समजू नये, हे माझं मत ठाम आहे. ठेकेदार आपल्या दिवाणजीला पगार देतो. गावाने आपल्या दिवाणजीला का देऊ नये?

मार्चच्या ग्रामसभेत जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. मागच्या हंगामाचे किती पैसे यायचे राहिलेत आणि कुणाकडे? यंदा आगाऊ रक्कम किती ठरली? पैसे जमा झाल्याशिवाय परवान्यावर सही नाही, असा ठराव झालाय का? आणि करारनाम्याची प्रत कुणाच्या घरी आहे? शेवटच्या प्रश्नाला थोडी शांतता पसरेल. पसरू द्या. मग म्हणा, काका, उद्या सकाळी येतो, मोबाइलवर फोटो काढून घेतो.

पुढच्या भागात मोहफुलांबद्दल बोलू. एप्रिलमध्ये गावच्या दुकानात स्वस्तात विकलेली फुलं पावसाळ्यात तिथूनच महाग दराने परत का घ्यावी लागतात, आणि त्यावर एक कोरडी, उंदीर न लागणारी खोली कसा उपाय होऊ शकते. भेटू.