थर्ड शिफ्टनंतरची शिफ्ट



मघाशी माझी ओळख ‘डॉक्टरांच्या मिसेस’ अशी करून दिली. चालेल. फक्त त्याची एमडी होईपर्यंत घर तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या माझ्या पगारावर चाललं, एवढं नोंदवून ठेवते.

एमबीबीएस साडेचार वर्षं, वर इंटर्नशिप, मग एमडीची तीन. विद्यावेतन यायचं, पण उशिरा; घरभाडं एक तारखेलाच. माझे दीर चाकणला कंपनीत. ते विचारायचे, “वहिनी, फर्स्ट, सेकंड, थर्ड कळतं, दादाची शिफ्ट कुठली?” काल सकाळी गेलेला माणूस आज रात्री येतो, तिला नाव नव्हतं. मी डबा पाठवायचे आणि प्रबंधाचे तक्ते एक्सेलमध्ये करून द्यायचे. ‘वाचलंस का?’ हे मात्र कधी विचारलं नाही.

त्याला कारण गोपाळराव जोशी. पोस्टातला कारकून, बायकोला डॉक्टर करायला 1883 साली एकटीला अमेरिकेला पाठवलं. 11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीसही पूर्ण नव्हत्या. गोपाळरावांचं धाडस मला मान्य. अभ्यासासाठी बायकोवर हात उचलणं नाही. त्याला साथ म्हणत नाहीत.

आपल्यातल्या दोघांच्या मुली यंदा नीट देतायत. जेवताना भेटा. त्या तीन वर्षांच्या घरखर्चाची शीट माझ्याकडे अजून आहे.